किशोरवयीन मुले, मोबाईल आणि व्यसने : पालकांनी काय करावे?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांच्या येशूची कथा येते. वल्हांडणाचा सण आटोपून पवित्र मरिया आणि संत योसेफ यरुशलेमहून परत निघाले. मुलगा सोबतच्या मंडळीत कुठेतरी असेल, अशा समजुतीने ते एक दिवसाची वाट चालून गेले. तो नाही हे ध्यानात येताच ते माघारी फिरले आणि तीन दिवसांनंतर तो त्यांना मंदिरात सापडला. आजच्या पालकांचीही बहुधा हीच समजूत असते. मुलगा आपल्या खोलीत आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो हातातील मोबाईलच्या वाटेने किती दूर गेला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

या वयात नेमके काय घडते?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयोगटाला किशोरावस्था म्हणते. या काळात शरीर झपाट्याने वाढते. मेंदूचे सर्व भाग मात्र एकाच वेळी परिपक्व होत नाहीत. भावना, उत्तेजना आणि सुखाची ओढ यांच्याशी निगडित भाग लवकर सक्रिय होतो. परिणामांचा विचार करणारा आणि मोहाला आवर घालणारा कपाळामागील भाग मात्र साधारणतः पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळेच घरी समंजस असलेला मुलगा मित्रांच्या घोळक्यात अविचाराने वागू शकतो. हा आपल्या संस्कारांचा पराभव नव्हे. परंतु याच वयात मेंदू नवी सवय चटकन आत्मसात करतो. संगीत, खेळ आणि प्रार्थना जशी रुजते, तसेच व्यसनही रुजते.

मोबाईल : साधन की स्वामी?

मोबाईल पूर्णपणे बंद करणे आज शक्य नाही आणि इष्टही नाही. तथापि एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू व्हावी, अशीच अनेक अ‍ॅप्सची रचना असते. प्रौढांनाही जिथे थांबता येत नाही, तिथे तेरा वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा कशी करावी? 13 ते 18 या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. रात्रीचा मोबाईल सर्वप्रथम तीच हिरावून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळांच्या व्यसनाचा एक विकार म्हणून समावेश आहे.

यासाठी घरात एक साधा नियम असावा : जेवणाच्या टेबलावर आणि रात्री झोपण्याच्या खोलीत कोणाचाही मोबाईल नसेल. ‘कोणाचाही’ या शब्दात आई-वडीलही येतात. दिनांक 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदाचा मान मिळालेले संत कार्लो अ‍ॅक्युटिस संगणकात निष्णात होते. युखरिस्तविषयक चमत्कारांची माहिती त्यांनी संकेतस्थळाद्वारे जगापुढे आणली; मात्र व्हिडिओ खेळांसाठी त्यांनी स्वतःला आठवड्यातून एकच तास ठरवून दिला होता. 2006 साली वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी ते निवर्तले.

कोणी छायाचित्रांच्या आधारे मुलाला धमकावत असेल, तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत आणि मुलाला दोष देऊ नये. सायबर फसवणुकीसाठी 1930 आणि बालकांच्या मदतीसाठी 1098 या क्रमांकांवर संपर्क साधावा.

व्यसनाची सुरुवात कुठे होते?

कायदा स्पष्ट आहे. 2003 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांच्या विक्रीस मनाई आहे. 2019 पासून ई-सिगारेटवर देशभर बंदी आहे. वैद्यकीय कारणाशिवाय बालकाला मद्य अथवा अमली पदार्थ देणाऱ्यास 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

परंतु पहिला घोट नेहमीच परक्याच्या हातून येतो असे नाही. आपल्या लग्नसमारंभात, बाप्तिस्म्याच्या मेजवानीत, नाताळच्या सणात एखादा काका कौतुकाने पुतण्याच्या हाती पेला देतो आणि सारे हसतात. जितक्या लहान वयात मद्यपान सुरू होते, तितका पुढे व्यसनाधीन होण्याचा धोका वाढतो. जे आपण सणाला हसत स्वीकारतो, त्याच्याविरुद्ध पुढे उपदेश करण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो.

अचानक घसरलेले गुण, बदललेले मित्र, पैशांची वाढती मागणी, उडालेली झोप, लाल डोळे, जुन्या छंदांविषयी अनास्था, अशी चिन्हे एकत्रितपणे दिसू लागल्यास सावध व्हावे. एखाद्याच चिन्हावरून मात्र संशय घेऊ नये. त्यामागे नैराश्य किंवा अन्य दुःखही असू शकते.

संत जॉन बॉस्को यांचा मार्ग

एकोणिसाव्या शतकात तुरीनच्या रस्त्यांवरील मुलांमध्ये कार्य करताना संत जॉन बॉस्को यांनी विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती उभारली. शिक्षा करण्यापेक्षा चूक घडण्याआधी मुलांच्या सहवासात असणे त्यांना महत्त्वाचे वाटे. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम त्यांना जाणवलेही पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नियमाचे कारण समजावून सांगणे, रोज एकत्र प्रार्थना करणे आणि मुलांचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, हे त्याचेच आजचे रूप होय.

व्यसन जडलेच, तर ते लपवू नये. व्यसन हा उपचारसाध्य आजार आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, तर मानसिक आरोग्यासाठी 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. फादर जो परेरा यांनी 1981 साली बांद्रा येथे सुरू केलेली कृपा फाउंडेशन आणि 1986 साली पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण या संस्थांनी असंख्य कुटुंबांना आधार दिला आहे.

मंदिरात मुलगा सापडल्यावर मरियेने आधी प्रश्न विचारला आणि आपली व योसेफची व्यथा त्याला सांगितली. त्याचे उत्तर त्यांना उमगले नाही. तरीही तिने सारे अंतःकरणात जपले. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. आपल्या मुलांची सगळीच उत्तरे आपल्याला कळतील असे नाही. माघारी फिरून त्यांना शोधण्याची तयारी मात्र आपण ठेवू शकतो. पवित्र कुटुंब आपल्या प्रत्येक घरासाठी विनंती करो.