बफेलोचा बर्फ, ऑफिस आणि हाफ मॅरेथॉन

बफेलोत एवढा बर्फ पडतो तो ईरी सरोवरामुळे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून तुलनेने उबदार असतं. त्यावरून पश्चिमेचा गारठलेला वारा आला की बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. हा बर्फाचा पट्टा इतका अरुंद, की एका उपनगरात गाड्या गाडल्या जातात आणि काही मैलांवर रस्ता कोरडा! नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्क या उपनगरात साडेसहा फुटांच्या आसपास बर्फ पडला. म्हणूनच मी रात्री रडारवर पट्टा कुठे सरकतोय ते बघते आणि मगच ऑफिस की घरून काम, हे ठरवते.

बर्फ थांबायची वाट बघू नका. घरून काम करत असाल, तर दोन मीटिंगांच्या मधे थोडा थोडा ढकलत राहा. साचलेला ओला बर्फ उचलताना कंबरेवर आणि हृदयावर फार ताण येतो. गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं कराच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. हे सगळ्यात महत्त्वाचं.

मे महिन्यातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करताय? फावडं मारलं त्या दिवशी वेगळा व्यायाम नको. सरोवर गोठलं की हे पट्टे बरेच मंदावतात. लांब पळणं तेव्हासाठी ठेवा.