बाळाचे वजन किती भरले?

वस्तीत बाळ जन्मले की आपण विचारतो, मुलगा की मुलगी? त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या: वजन किती भरले? जन्मतः २.५ किलोपेक्षा कमी भरले तर ते कमी वजनाचे बाळ. अशा बाळाच्या अंगात चरबी कमी असते, म्हणून ते लवकर गार पडते. दूध ओढायला ताकद पुरत नाही आणि जंतुसंसर्गही लवकर होतो.

वजन कमी का भरते? काही बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. काहींचे दिवस भरलेले असतात, पण पोटात वाढ पुरती झालेली नसते. आईच्या अंगात रक्त कमी, कमी वयात लग्न, दोन बाळंतपणांत कमी अंतर, वाढलेला रक्तदाब, खर्रा-तंबाखू ही त्याची कारणे. आपल्या वर्धा जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, कष्ट. आपल्या कितीतरी आयाबहिणी दिवस भरत आले तरी निंदणाला आणि कापूस वेचायला जातात. दुसरी, सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्याची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. सिकलसेलच्या रुग्ण महिलेने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

"जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल" असे घरातल्या मोठ्या बाया अजून सांगतात. हा समज सोडला पाहिजे. गरोदर बाईला एक जेवण जास्तीचे हवे: वरण, भाजी, अंडी, गूळ-शेंगदाणे. दुपारी दोन तास आडवे होणेही हवे. हे लाड नव्हेत, हक्क आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. तो कायदा कामगार बायांसाठी होता. शेतमजूर बाईला ती विश्रांती घरच्यांनीच द्यायची आहे.

बाळ कमी वजनाचे झाले तर घाबरू नका. पहिल्या तासात अंगावर पाजा. चिकाचे दूध फेकू नका; मध, साखरपाणी, घुटी देऊ नका. ओढता येत नसेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. टोपी, मोजे, लंगोट एवढेच घालून बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे धरा आणि वरून लुगडे किंवा चादर गुंडाळा. आई थकली तर आजीने, बापानेही असे धरावे. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. वजन वाढेपर्यंत अंघोळीची घाई करू नका.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून प्रत्येक वेळी वजन करून घ्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना अशी काळजी घ्यायला शिकवले. तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे काम गावातल्या बायाच करू शकतात, हे त्यातून दिसले.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्या. वाटेत बाळ छातीशीच ठेवा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. विहारातल्या महिला मंडळाने वस्तीतली एकही बहीण त्या दिवशी घरी राहणार नाही एवढे पाहिले, तरी आपले मोठे काम होईल.