बाणाच्या टोकाशी रेघ कुठे थांबते?

जनुकांच्या आकृतीत ‘अ’पासून ‘ब’पर्यंत एक रेघ जाते. तिच्या शेवटी बाण असेल तर ‘अ’ हे ‘ब’ला चालना देते, त्याच जागी आडवी दांडी असेल तर ‘अ’ हे ‘ब’ला रोखते. सॉफ्टवेअरच्या आराखड्यांसाठीच्या यूएमएल आकृत्यांमध्ये पोकळ त्रिकोण म्हणजे वारसा, शंकरपाळ्याच्या आकाराचे भरीव टोक म्हणजे भाग आणि त्याचा मालक. डेटाबेसच्या आकृतीत तीन फाटे फुटलेले टोक ‘एकाला अनेक’ असे सांगते. रेघ तीच, अर्थ मात्र शेवटच्या चार-पाच पॉइंटांत (पॉइंट हे छपाईतले लहान माप). म्हणून कोड लिहून आकृत्या काढणारे कोणतेही साधन हाती आले की मी आधी त्याच्या बाणाचे टोक पाहतो. या कसोटीला सगळ्यात चांगले उतरलेले साधन म्हणजे टिक्झ.

जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक टिल टांटाऊ यांनी पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे एक छोटे पॅकेज लिहिले होते. त्यातूनच टिक्झ वाढले. यात माऊसने काही ओढायचे नसते. कुठून कुठे रेघ हवी ते लिहायचे आणि चौकोनी कंसात वजाच्या चिन्हाला लागून ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह टाकायचे, की बाण तयार. २०१३च्या अखेरीस ३.० आवृत्ती आली, तेव्हा बाणांची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली गेली. खरी करामत तिच्यात आहे.

आधी आकाराचे पाहू. रेघ जाड केली तर टोक किती वाढावे? सरळ पटीत वाढवले तर ०.४ पॉइंटांच्या रेघेवर ४.८ पॉइंटांचे शोभणारे टोक २ पॉइंटांच्या रेघेवर २४ पॉइंटांचे होते आणि आकृतीभर तेच दिसते. टिक्झमध्ये लांबी दोन आकड्यांत सांगता येते: मुळातले ३ पॉइंट, अधिक जाडीची साडेचार पट. बारीक रेघेवर तेच ४.८ येतात, जाड रेघेवर १२. रुंदीही लांबीच्या पटीत देता येते. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मापरेषेचे बाण रुंदीच्या तिप्पट लांब काढायला शिकवतात. ते प्रमाण इथे एकदा लिहून ठेवले की पुरते. टोक फार नाजूक असूनही चालत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९९२ साली आपल्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमधल्या बाणांची टोके मोठी आणि गडद केली, कारण वाईट झेरॉक्समध्ये ती नाहीशी होत होती.

यापेक्षा अवघड प्रश्न रेघ कुठे थांबवायची हा आहे. टोकाच्या अणीपाशी रुंदी शून्य होते, पण २ पॉइंटांची रेघ तिथपर्यंत नेली तर तिचे सपाट तोंड अणीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. वेबवरच्या एसव्हीजी चित्रांमध्ये नेमके हेच होते: टोक रेघेच्या शेवटी बसते, पण रेघ स्वतःहून आखडत नाही; तेवढी ती आपण हाताने तोकडी करायची. टिक्झमध्ये प्रत्येक टोकाला आपली रेघ कुठे संपावी हे ठाऊक असते. भरीव त्रिकोणात ती थोडी आत शिरली तरी लपते. मागे खाच असलेल्या स्टेल्थ टोकात तिला खाचेपर्यंत जावेच लागते, नाहीतर फट दिसते. पोकळ टोकात मात्र ती मागच्या कडेलाच थांबली पाहिजे. त्यात आणखी एक बारकावा आहे. टोकाच्या बाह्यरेषेलाही जाडी असते आणि तिच्या दोन बाजू अणकुचीदार जुळल्या की अणी पुढे सरकते. ३० अंशांच्या कोनात त्या जाडीच्या जवळपास दुप्पट. टिक्झ तेवढे अंतर आधीच वजा करते. म्हणून बाण वर्तुळाच्या कडेला टेकतो, आत घुसत नाही.

वक्र रेघेवर तर साधनाचा कसच लागतो. सोपा उपाय म्हणजे वक्राचा शेवटचा बिंदू मागे ओढून टोक बसवणे. पण त्याने वक्रच बदलतो. एकमेकांना समांतर असलेल्या दोन वक्रांपैकी एकाला बाण लावला की त्यांच्यातले अंतर बिघडते. दुसरा उपाय वक्राला धक्का न लावता रेघ त्याच्यावरच मागे आणतो आणि टोक त्या जागी फिरवून बसवतो. तिसऱ्यात टोकच वक्राबरोबर वाकते. आखूड आणि जोरात वळलेल्या बाणावर हा तिसरा देखणा दिसतो. मोठ्या टोकाला मात्र त्याने कधी कधी पिळवटल्यासारखा आकार येतो. माझी पसंती दुसऱ्याला.

तक्रार एकच आहे. ही सारी सोय मागितल्याशिवाय मिळत नाही. नव्या टोकांची लायब्ररी वेगळी, वक्राची वेगळी. वक्राची बोलावली नाही तर पहिलाच, वक्र बिघडवणारा उपाय चालू राहतो आणि नवशिक्याला वाटते की आपलाच वक्र चुकला. टिक्झ शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला या दोन लायब्ररींच्या ओळी फाइलच्या सुरुवातीला लिहून घ्याव्यात, बाण पुढच्या तासाला शिकवायचे असले तरी.