शार्त्रचे मातृमंदिर

जगदंबेच्या या उत्सवात आम्हांस फ्रान्समधील शार्त्रचे कॅथेड्रल आठवते. तेही मातेचेच, येशूजननी मेरीचे मंदिर. ११९४ च्या आगीनंतर ते पुन्हा उभारले गेले. आपल्या गाभाऱ्यात काळोख, त्यात नंदादीप. येथे सुमारे ३७ मीटर उंच छताखाली निळ्यातांबड्या काचांतून साक्षात सूर्यनारायणच उतरतो! परधर्मीयांच्या देवालयी हात जोडावेत की नाही, हा विचार मनी होताच. वेदीमागे प्रदक्षिणामार्ग दिसला आणि वेदी उजवीकडे ठेवून आम्ही चालूही लागलो. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर या शेकडो वर्षांच्या काचा उतरवून दूर सुरक्षित ठेवल्या होत्या. आक्रमणकाळी पंढरीची मूर्ती हलवून जपल्याचे आपणही परंपरेने ऐकतो. युद्ध सरल्यावर त्या काचा पुन्हा आपापल्या जागी बसल्या.