पाण्या-झाडांचा पैसा यवतमाळात येतो, आपल्या दारापर्यंत का येत नाही?

यवतमाळचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, कापूस आणि कर्ज. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या तोंडी नसते. ती अशी की, पाणी अडवणे, माती राखणे, जंगल सांभाळणे या कामांसाठी या जिल्ह्याच्या नावावर गेल्या वीस वर्षांत सतत पैसा आलेला आहे. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. २००९ मध्ये रोमच्या 'इफाड' या आंतरराष्ट्रीय संस्थेने याच सहा जिल्ह्यांसाठी कर्ज मंजूर केले, त्यातून लोक ज्याला 'केम' म्हणत ते काम उभे राहिले. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा' आला, त्यातही यवतमाळ होतेच. पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले, ही आठवण तर जिल्ह्यातले जुने लोक आजही अभिमानाने सांगतात.

मग व्यापार-उद्योगाच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारू द्या. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी, पांढरकवडा या गावांत आपले लोक काय करतात? मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग, पाइप आणि फिटिंगचे दुकान, बोअरवेल, जेसीबी, ट्रॅक्टर, फळांचा व्यापार, आणि पाच-दहा एकर कोरडवाहू शेती. निसर्ग-संवर्धनाचा पैसा शेवटी खर्च होतो तो यांच्याच कामांवर: खोदाई, पाइप, पंप, रोपे, कुंपण. पण योजना निघाली की आपल्याकडचे उत्तर ठरलेले, "ते कर्जाचे काम आहे भाई, व्याज आले, आपण नको." या उत्तरातला अर्धा भाग खरा आहे आणि अर्धा नुकसानीचा. कोणता कोणता, हे पाहावे म्हणून हा लेख.

या पैशाचे आम्ही तीन प्रकार करतो. पहिला, सरळ अनुदान: काम करा, नियमाप्रमाणे रक्कम घ्या, परत काही द्यायचे नाही. दुसरा, बँकेच्या कर्जाला बांधलेले अनुदान. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात, पण बँकेचे कर्ज घेतल्याशिवाय ते नाहीत. तिसरा, नुसते सवलतीचे कर्ज. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटीपर्यंतच्या कर्जावर सरकार ३ टक्के व्याज भरते, पण उरलेले व्याज राहतेच. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराबद्दल ज्याने त्याने आलिमांना विचारून ठरवावे, तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे पहिल्या प्रकाराबद्दल आहे. पाणी आणि मातीच्या बहुतेक योजना पहिल्या प्रकारात मोडतात, आणि व्याजाच्या भीतीने आपण त्याही सोडून देतो.

पाहा, ठिबक आणि तुषार सिंचनाला केंद्राकडून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर नेते. याच योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानाप्रमाणे ७५ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या २०२४ च्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप. तलावातला गाळ शेतात टाकण्याची योजना २०१७ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या निर्णयाप्रमाणे लहान शेतकऱ्याला गाळ नेण्यासाठी एकरी १५ हजार, जास्तीत जास्त अडीच एकराचे ३७,५०० रुपये ठरले. विधवा, अपंग आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबालाही त्यात घेतले. या जिल्ह्यात ही शेवटची ओळ किती घरांना लागू पडते, हे वाचकांना सांगायला नको. यांत कोठेही बँक नाही.

खरी अडचण पुढे आहे. सौर पंपात आपला हिस्सा भरला की पुरवठादार पंप बसवून देतो, पण ठिबक, शेततळे आणि 'पोकरा'च्या वैयक्तिक कामांत पैसा काम झाल्यावर येतो. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग आपल्या खिशातून काम, बिल अपलोड, पाहणी, आणि मग आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम. मधल्या काळाचा पैसा आणायचा कोठून? येथे सावकार उभा असतो, नाही तर उधारीवर माल देऊन किंमत चढवणारा दुकानदार. हिशोबापुरते धरा की ठिबकचा खर्च १ लाख २५ हजार आला. ८० टक्के म्हणजे १ लाख परत मिळणार, शेतकऱ्याचा हिस्सा २५ हजार. पण सव्वा लाख शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले आणि अनुदानाला सहा महिने लागले, तर व्याजच साडेबावीस हजार झाले. हिस्सा जवळजवळ दुप्पट! अनुदान अडकून कधी वर्षही उलटते, मग काय होत असेल त्याचा विचार करा. त्यातही अनुदान मोजतात ते सरकारने ठरवलेल्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. बिल फुगवून घेणाऱ्याने स्वतःचेच नुकसान केले.

म्हणजे जो माणूस व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहिला, तो सरळ अनुदानाच्या योजनेत सावकाराच्या व्याजात सापडतो. आणि जो सापडू इच्छित नाही तो अर्जच करत नाही. आमच्या मते आपल्या भागात या योजना न पोहोचण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

यावरचा उपाय आपल्या घरात आहे, कर्ज-ए-हसना. देवबंदच्या मुस्लिम फंडाने १९६१ पासून ठेवी घेऊन बिनव्याजी कर्ज देण्याचे काम चालवले. दिल्लीची 'सहूलत' संस्था २०१० पासून बिनव्याजी सहकारी पतसंस्था उभ्या करण्यास मदत करते. हे कर्ज आपल्याकडे बहुधा आजारपण, शिक्षण आणि लग्न यांसाठीच मागितले जाते. पूर्वसंमतीचे पत्र हातात असलेल्या शेतकऱ्याला दिलेले कर्ज त्यांपेक्षा सुरक्षित म्हणावे लागेल, कारण परतफेड कोठून येणार हे कागदावर लिहिलेले असते. दहा लाखांचा फंड असेल तर प्रत्येकी एक लाखाप्रमाणे दहा शेतकरी. सहा-आठ महिन्यांत पैसा फिरून आला की पुढचे दहा. धोका नाही असे नाही. पाहणीत त्रुटी निघून अनुदान नाकारले गेले तर पैसे अडकतील, म्हणून पूर्वसंमतीआधी घेतलेल्या मालावर एक रुपयाही देऊ नये आणि माल ठरलेल्या मानकाचाच घ्यावा. फंड मात्र सहकारी कायद्याखाली नोंदवून, हिशोब उघडे ठेवून चालवावा. तोंडी विश्वासावर चालवलेला फंड बुडाला की सर्वांत आधी गरिबाचे पैसे जातात.

'पोकरा'चा पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावे आणि ६ हजार कोटींचा आराखडा ठरवला. आपले गाव यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे, किंवा ज्यांना आपण आजवर कृषी सहायक म्हणत आलो त्यांना विचारावे. पहिल्या टप्प्यात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असे आणि अर्ज तिच्यापुढे जात. अशा समितीत कोण बसते, ते ज्या ग्रामसभेत ठरते, त्या दिवशी आपण बाजाराला गेलेले असतो. तक्रार मग वर्षभर चालते.

संस्थांसाठीचा पैसा

हे झाले एकट्या शेतकऱ्याचे. गावपातळीचे काम संस्थेमार्फत होते आणि तेथे रकमा मोठ्या असतात. नाबार्डकडे १९९९-२००० मध्ये २०० कोटींनी सुरू झालेला पाणलोट विकास निधी आहे. त्याची पद्धत १९९२ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आली: आधी गावाने ठराव करायचा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मजुरीचा ठरावीक हिस्सा श्रमदानाने द्यायचा, लहान तुकड्यावर काम करून दाखवायचे आणि मगच पुढचा पैसा. संस्था मदतीला असते, पण निर्णय गावच्या पाणलोट समितीचा. या ठिकाणी 'आपल्या लोकांची आपली संस्था' हा विचार चालत नाही. पाणलोट म्हणजे एका ओढ्यावरची सगळी शेते, त्यात आपलेही येतात आणि बंजारा, कुणबी, गोंड, कोलाम शेजाऱ्यांचेही. त्यांच्यासोबत ग्रामसभेत बसल्याशिवाय नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक फाईल उघडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

वणी, मारेगाव, झरी भागातल्या वाचकांसाठी आणखी एक दार आहे. कोळसा आणि चुनखडीच्या रॉयल्टीतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, १२ जानेवारी २०१५ नंतर लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार यातील किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर लावायची आहे. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरला जातो. ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या कापसावर धूळ बसते, त्यांचा हा हक्काचा पैसा आहे. मागणी मात्र ग्रामसभेच्या ठरावातून जायला हवी.

मोठ्या कंपन्यांचा सामाजिक निधी, ज्याला सगळे 'सीएसआर' म्हणतात, तो १ एप्रिल २०१४ पासून कायद्याने लागू आहे. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असले तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. जिल्ह्यात कोळसा, सिमेंट आणि कापडाच्या कंपन्या आहेत. १९९२ पासून जगभर चालणारा 'जेफ'चा लघु अनुदान कार्यक्रम स्थानिक संस्थांना थेट रक्कम देतो. त्याची मर्यादा बराच काळ साधारण ५० हजार डॉलर राहिली, आणि संस्थेने व गावाने आपलाही वाटा घालावा अशी अपेक्षा असते. भारतातले त्याचे काम अलीकडच्या टप्प्यात दिल्लीच्या 'टेरी'कडे आले. प्रत्येक फेरीत कोणता भूभाग घेतला आहे ते आधी पाहावे. पश्चिम घाटासाठीच्या निधीला यवतमाळातून अर्ज करणे म्हणजे टपालखर्च वाया घालवणे.

टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या काठच्या गावांनी वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी करावी. २०१५ मध्ये ती व्याघ्र प्रकल्पांच्या बफर गावांसाठी निघाली, पुढे अभयारण्यांच्या गावांनाही लागू झाली. गॅस, जलसंधारण, सौर कुंपण अशी कामे त्यात आहेत. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात वाघिणीच्या भीतीने लोकांनी शेतावर जाणे कसे सोडले होते, ते पाहिलेल्यांना कुंपणाचे मोल कळते.

आता कागद. आमच्याकडे अधूनमधून विचारणा येते, "आमच्या जमातीचा ट्रस्ट आहे, फंड मिळेल का?" बहुधा मिळत नाही आणि कारणे नेहमीची असतात. मशिदीच्या किंवा मदरशाच्या ट्रस्टच्या उद्देशांत पर्यावरण किंवा ग्रामविकास लिहिलेला नसतो. विश्वस्तांपैकी दोघे अल्लाहला प्यारे झालेले असतात आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून असतो. ऑडिट नाही. ओढूनताणून मशिदीच्या ट्रस्टला यात घालू नये, असे आमचे मत आहे. सर्व समाजांच्या लोकांना घेऊन वेगळी संस्था नोंदवावी, उद्देश स्पष्ट लिहावेत, पॅन, १२ए, ८०जी आणि 'दर्पण' नोंदणी करावी. सीएसआरसाठी एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मही लागतो. बहुतेक देणारे तीन वर्षांचे ऑडिट मागतात, म्हणजे आज नोंदणी केली तर फळ तीन वर्षांनी. तोवर एखाद्या जुन्या, अनुभवी संस्थेच्या हाताखाली काम करावे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. "परदेशातून पर्यावरणाचा फंड आणून देतो, फाईलचे पंचवीस हजार भरा," असे सांगणारे दलाल तालुक्याच्या गावी फिरतात. परदेशी देणगीसाठी संस्थेला एफसीआरए कायद्याखाली केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरावीक खात्यातच येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला असा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. तेव्हा "आमच्या संस्थेच्या खात्यातून तुम्हाला देऊ" म्हणणारा माणूस खोटे तरी बोलतो आहे, नाही तर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. अर्जाचा फॉर्म कोणतीही खरी देणारी संस्था विकत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी चार-पाच व्यापारी एकत्र येऊन कर्ज-ए-हसनाचा फंड उभा करणार असतील तर उन्हाळ्याआधी करावा. शेततळे खोदायचे आणि गाळ वाहायचा तो पाऊस येण्यापूर्वी, आणि त्यासाठी सातबारा, आठ-अ, आधार जोडलेले बँक खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक हे चार कागद हिवाळ्यातच तयार हवेत. सातबाऱ्यावर वडिलांचेच नाव असेल आणि वारसांची नोंद झाली नसेल, तर सर्वांत आधी तलाठ्याकडे जावे. आपल्या घरांत वारसाचा फेरफार राहून जाण्याचे प्रमाण फार आहे, बहिणींचा हिस्सा लावायचा टाळतात म्हणूनही. ती नोंद होईपर्यंत वर सांगितलेल्या वैयक्तिक योजनांचा अर्ज पुढे सरकत नाही.