चार बाय पाचची मोरी

भातसा नदीवरचं पिसे आणि शेजारचं पांजरापूर ही नावं भिवंडी तालुक्याबाहेर फारशी कुणी ऐकलेली नसतात. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा मात्र इथंच उचलला आणि शुद्ध केला जातो. तानसाचं पाणी मुंबईला जातंय ते १८९२पासून, आणि त्याचे अजस्र नळही याच तालुक्यातून धावतात. भिवंडीतल्या टेमघरला शहाडहून उल्हास नदीचं पाणी येतं आणि शुद्ध होऊन ठाणे, मीरा-भाईंदर आणि खुद्द भिवंडीकडे जातं. या सगळ्या पसाऱ्याचं शेवटचं टोक बघायचं असेल तर यंत्रमागांच्या गल्लीतल्या एखाद्या चाळीच्या खोलीत डोकवावं. कोपऱ्यात वीतभर उंचीचा कठडा, आत शहाबादी फरशी, वर एक नळ, बाजूला पिंप आणि भिंतीच्या कडेला एक भोक. ही मोरी.

याच कोपऱ्यात सकाळी अंघोळी होतात, मग भांडी, मग धुणं. दुपारी तिथंच तांदूळ धुतले जातात आणि रात्री पिंप भरतं. मोरी धरून जेमतेम वीस चौरस फूट. नव्या इमारतींच्या नकाशांत हिला ‘ड्राय बाल्कनी’ किंवा ‘युटिलिटी’ म्हणतात. ‘ड्राय’ का म्हणतात हे कोडंच आहे, कारण घरातली सगळ्यात ओली जागा तीच असते.

मोरी शब्दाचा मूळ अर्थ पाणी वाहून जाण्याची वाट. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी पलीकडे जातं तिलाही आपण मोरीच म्हणतो. म्हणजे नाव जागेला मिळालं ते नळावरून नाही, सांडपाण्यावरून मिळालं. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या गवंड्यांनीही असाच विचार केलेला दिसतो. तिथल्या अनेक घरांत स्नानाचे चौथरे सापडले. त्यांच्या विटा एकमेकींना घट्ट भिडवलेल्या, जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथून बाहेरच्या गटाराकडे वाट.

आपल्या न्हाणीचा प्रवास तर आणखी मजेदार आहे. जमिनीतल्या सांडपाण्याच्या भांड्याला भारतातले प्लंबर आणि इंजिनीअर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. दिल्लीचा असो की चेन्नईचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी हा शब्द पाठ करतो, आणि तो आपल्या न्हाणीघरातून तिथं गेला आहे याची त्याला कल्पनाही नसते. या भांड्यात नेहमी दोनेक इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर पाणी साचून राहतं. गटाराची दुर्गंधी आणि झुरळं त्या पाण्यापलीकडे अडतात. पाण्यानेच हवा कोंडायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीच्या नावावर आहे. वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट त्याने १७७५मध्ये घेतलं. मे महिन्यात घर बंद ठेवून गावी गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर घरात वास का येतो, त्याचं उत्तरही याच दोन इंचांत आहे. ते पाणी उडून गेलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

आता मुद्द्याचं. छोट्या युटिलिटीची आखणी बहुतेक जण कपाटापासून सुरू करतात. सुताराला बोलावतात, यंत्र कुठं बसेल ते विचारतात आणि पाणी कुठून कुठं जाईल हे शेवटी गवंड्यावर सोडतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. आधी भोक, मग ढाळ, मग पाण्याचा साठा, मग यंत्र आणि सगळ्यात शेवटी फळ्या.

ढाळ किती द्यावा? साधारण ऐंशीला एक. पाच फुटांच्या लांबीत हा ढाळ पाऊण इंच भरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण पाण्याला दिसतो. अर्ध्या इंचावर आणला तर साबणाचं पाणी कोपऱ्यात रेंगाळतं आणि फरशी बुळबुळीत होते. खूप वाढवला तर पिंप आणि यंत्र तिरके उभे राहतात, आणि तिरकं यंत्र कपडे पिळताना थरथरत पुढं सरकतं. म्हणून जाणता गवंडी यंत्राखालची जागा सपाट ठेवतो आणि ढाळ उरलेल्या भागातच काढतो. फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, पाण्याला खरा अटकाव तो करतो. जमीन आणि भिंत मिळते तिथं सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, काढलेला असला की खालच्या मजल्यावरचे शेजारी बोलत राहतात. कोबा झाल्यावर भोक बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवतात. खालच्या छताला ओल आली नाही तरच फरशी घालायची.

भिवंडीत या जागेला एक खास शत्रू आहे: तूस. लाखो यंत्रमागांच्या गावात सुताचे बारीक तंतू हवेत असतात, कामगाराच्या कपड्यांवर बसून घरी येतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर जाळीवर जमतात. साबणाशी त्यांची गट्टी झाली की नमद्यासारखा थर तयार होतो. त्यामुळे जाळी हाताने उचलता येईल अशीच हवी, आणि तिच्यावर यंत्र, पिंप किंवा कपाट यांपैकी काहीही येता कामा नये. भोकावरच यंत्र ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तुंबलं की चार माणसं बोलवावी लागतात.

पाण्याच्या साठ्याचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाऊण मीटर उंच उभं राहिलेलं पाणी, भांडं कुठलंही असो, दर चौरस मीटरला ७५० किलोचा भार टाकतं. घरातल्या खोल्या आणि न्हाणीघरं दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि बाल्कन्या ३०० किलो धरून आखाव्यात, असं भारतीय मानक सांगतं. एखादं पिंप ठेवल्याने लगेच काही होत नाही. स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो. पण बाहेर झुकलेल्या बाल्कनीच्या कडेला पाचशे लिटरची टाकी चढवणं म्हणजे तिथं कायमचा अर्धा टन ठेवणं. टाकी लागणारच असेल तर ती आतल्या बाजूला, तुळईजवळ ठेवावी, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा दाखवावं. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे याच शहरात पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. त्या दुर्घटनेशी मी टाकीचा संबंध जोडत नाही, पण भिवंडीत राहणाऱ्याने वजनाचा विचार हसण्यावारी नेऊ नये.

टाकी माळ्यावर ठेवली की दुसरा प्रश्न येतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. म्हणजे नळाच्या दोन मीटर वर टाकी असेल तर दाब ०.२ बार. समोरून कपडे घालायच्या बऱ्याच स्वयंचलित यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. यंत्र नवं असूनही भरायला अर्धा तास घेतं किंवा चूक दाखवून थांबतं, त्यामागे बहुधा हेच असतं. अर्धस्वयंचलित यंत्र या बाबतीत गरिबाघरचं शहाणं लेकरू आहे. ते बादलीने भरलं तरी चालतं आणि पाणी जमिनीलगतच्या नळीतून आपोआप सोडतं. स्वयंचलित यंत्राचं उलट आहे. त्याची नळी जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटरवर अडकवावी लागते. ती मोरीत खाली टाकून दिली तर यंत्र एकीकडून पाणी घेतं आणि दुसरीकडून ते ओढलं जाऊन वाहून जातं. नळ चालू, मीटर चालू, कपडे कोरडे.

आता मांडणी आणि फळ्या. १९२६मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनडब्यातला स्वयंपाक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावलं मोजून त्यांनी कप्पे बसवले. आपल्याकडचं उदाहरण शोधायचं तर मानकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांत जावं. सतत लागणारा माल दाराजवळ आणि हाताच्या उंचीवर, सणासुदीचा माल वर.

हीच रीत चार बाय पाच फुटांच्या, म्हणजे सुमारे १२० बाय १५० सेंटीमीटरच्या जागेला लावून पाहा. यंत्र आखूड भिंतीला. ते ६० रुंद आणि ६० खोल, मागे नळ्यांसाठी ५ सोडले की समोर ८५ सेंटीमीटर उरतात. दार उघडून वाकायला तेवढे पुरतात. यंत्राशेजारी ६० सेंटीमीटरचा पट्टा राहतो. तिथं उभ्याने धुण्याचं छोटं सिंक किंवा पिंप, दोन्ही नाही. भोक समोरच्या मोकळ्या जागेत. दार स्वयंपाकघराच्या बाजूला उघडणारं. यंत्रावर एक फळी साबणाची, त्यावर एक क्वचित लागणाऱ्या वस्तूंची. वरून झाकण उघडणारं यंत्र असेल तर पहिली फळी झाकणाला पूर्ण उघडू देईल एवढी वर. सोळा अँपिअरचा सॉकेट छातीच्या उंचीवर, नळापासून दूर, अर्थिंगसह आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे. गॅस गीझर या जागेत लावायचा तर खिडकी कायम उघडी हवी, आणि बंद न्हाणीघरात तर तो कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उरली वलणी. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा कपडे वाळवायची जागा एकच उरते, छताखाली. जुन्या घरांत सोवळ्याचे कपडे उंच बांबूवर काठीने टाकत, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. कारण गेलं, उंची मात्र उपयोगाची निघाली: गरम हवा वरच असते. कप्पीने वर-खाली होणाऱ्या दांड्या ही त्याच बांबूची आजची आवृत्ती.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी दाराची चौकट आतून मोजा, ६० सेंटीमीटरचं खोकं आत गेलं पाहिजे. आणि फरशी बसली की गवंड्याचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी, तो समोर उभा असताना, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता.