जोडीदाराला सांगायचं का?

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची औषधं सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्या गोळ्यांवर वाढलेली, जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आज विशीत आहेत, प्रेमात पडताहेत. ‘कुणाला सांगू नकोस’ हे त्यांनी घरी लहानपणापासून ऐकलंय. सांगायचं कसं, हे मात्र फार थोड्यांना कुणी शिकवलं.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा संसर्ग टाळण्यासाठी वाजवी खबरदारी घ्यायला सांगतो. जोखीम कमी करणारे उपाय किंवा संबंधांआधी कल्पना देणं, दोन्ही त्यात येतं. सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असलेल्या स्त्रीला यातून सूट आहे. ही तरतूद प्रत्येक मुलीला ठाऊक असायलाच हवी. डॉक्टर किंवा समुपदेशकही परस्पर जोडीदाराला सांगू शकत नाहीत. आधी रुग्णाशी बोलून, आपला इरादा त्याच्या कानावर घालावा लागतो.

आणि सर्वांत दिलासा देणारी गोष्ट: रोज गोळ्या घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. जोडीदाराशी बोलताना हे आधी सांगता येतं.

राष्ट्रीय मोफत एड्स हेल्पलाइन: १०९७.